सविस्तर लिहावे

आई होती तोवर ताईच्या भत्त्याचे कागद कधी येतात, कोण भरतं आणि कुठे जातात, याची ढब्बूला गंधवार्ता नव्हती. दर काही वर्षांनी एक जाडजूड पाकीट यायचं. आई ते घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची, चष्मा नाकावर ओढायची आणि घराला दम द्यायची, "आता मला कुणी हाक मारायची नाही." पुढे काय व्हायचं ते तिचं तिला माहीत. ताईचा अपंगत्वाचा भत्ता मात्र बिनबोभाट चालू राहायचा.

ढब्बू हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लहानपणी तो गुटगुटीत होता, म्हणून ताईनं ते ठेवलं. आता चाळिशी उलटली होती, अंगावर मांस औषधालाही उरलं नव्हतं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. फ्रिज आणि एसी दुरुस्त करायचा त्याचा धंदा. गावभर त्याला ढब्बू मेकॅनिक म्हणूनच ओळखायचे.

ताई त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. जन्माच्या वेळी श्वास कोंडला आणि मेंदूला इजा झाली, ती कायमची. हातपाय ताठ, चाकाच्या खुर्चीवाचून हलणं नाही, जीभही जड. डाव्या हाताचं एक बोट तेवढं तिचं ऐकायचं. डोकं मात्र तल्लख. इथे तिची वाक्यं आपण एका दमात सांगणार आहोत, पण ती तशी यायची नाहीत. एकेक शब्द विहिरीतून घागर ओढावी तसा वर यायचा. हसायला मात्र तिला अजिबात वेळ लागायचा नाही.

हिवाळ्यात आई गेली आणि त्यानंतरचं पहिलं पाकीट आलं. फेरतपासणीचा अर्ज. ढब्बूनं बाह्या सरसावल्या. अर्जदाराला अंथरुणातून स्वतः उठता येतं का? नाही. कपडे घालता येतात का? नाही. जेवता येतं का? नाही. पुढे चला. चहा गार व्हायच्या आत अर्ज भरून तो मोकळा झाला आणि म्हणाला, "आई उगाच एवढा बाऊ करायची."

बायकोनं कागद उलटसुलट करून पाहिले. "हा काय नन्नाचा पाढा लिहिलाय?"

"मग काय खोटं लिहू? नाही तर नाही."

"अहो, खाली एवढी जागा सोडलीये ती काय शोभेला?"

ढब्बूनं लक्ष दिलं नाही. अर्ज गेला, आणि गेला तसाच परत आला. सोबत एक पत्र: माहिती अपुरी आहे, रोज लागणाऱ्या मदतीचे स्वरूप सविस्तर लिहावे, मुदतीत न आल्यास भत्ता थांबवण्यात येईल. ढब्बूच्या तोंडचं पाणी पळालं. त्या भत्त्यातून ताईची औषधं यायची, व्यायाम करून घेणारी बाई यायची. आईनं एवढी वर्षं जे सांभाळलं ते आपण पहिल्याच फटक्यात बुडवलं, असं त्याला वाटलं. पत्र हातात घेऊन तो ताईसमोर जाऊन उभा राहिला.

ताईनं पत्र वाचलं आणि खो खो हसली. मग म्हणाली, "ढब्ब्या, गिऱ्हाईक फोन करतं आणि म्हणतं, फ्रिज बिघडला. तेवढ्यावर तू घरून पाना घेऊन निघतोस का?"

"नाही. आधी विचारतो. बंदच आहे की नुसता गार होत नाही? आवाज येतो का? पाणी कुठून गळतं?"

"मग मला विचार की."

रविवारी सकाळी तो वही घेऊन ताईच्या पलंगाजवळ स्टुलावर बसला. आजवर सकाळी ताईला उचलून खुर्चीत बसवणं एवढंच त्याचं काम. बायकोनं हाक मारली की यायचं, उचलायचं, ठेवायचं आणि आपल्या कामाला लागायचं. त्याच्या आधी काय होतं आणि नंतर काय होतं, ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

बायको आली. तिनं आधी तळहात एकमेकांवर घासून गरम केले आणि ताईच्या गुडघ्यांखाली धरले. धरून नुसती थांबली.

"कशाची वाट बघतेस?" ढब्बूनं विचारलं.

"पाय सैल पडायची. घाई केली तर कैचीसारखे एकमेकांत अडकतात. मग कळ निघते, दिवसभर बसवत नाही त्यांना."

ढब्बूनं लिहून घेतलं. मग कपडे. जो हात जास्त ताठ, त्याची बाही आधी. काढताना तोच हात शेवटी. मग न्याहारी. भात चांगला मऊ करून, लहान चमच्यानं, हनुवटी खाली असतानाच. मान वर गेली की ठसका लागतो, आणि ठसका लागला तर जिवावर बेतू शकतं. पाणी नुसतं द्यायचं नाही, थोडं दाट करून द्यायचं. एक घोट गिळल्याचं गळ्याकडे बघून कळलं की मगच दुसरा.

"आणि रात्री?" अर्जातला पुढचा प्रश्न त्यानं वाचला.

"रात्री कूस बदलून द्यायची. नाहीतर पाठीला जखमा होतात."

"कोण देतं?"

बायकोनं त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्यानं सूर्य कुठे उगवतो हे विचारलं. "मी. तुम्ही घोरत असता तेव्हा."

ढब्बूचं पेन थांबलं. आई गेल्यावर हे सगळं कुणाकडे गेलं, असं त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. यायचं कारणच पडलं नव्हतं, कारण कुठे काही अडलंच नव्हतं.

"तुला हे सगळं कुणी शिकवलं?"

"आईंनी. शेवटच्या वर्षी रोज थोडं थोडं. म्हणायच्या, 'माझ्या लेकाला नको सांगू, तो घाबरेल.'"

ताई पुन्हा हसायला लागली. ढब्बूला हसावं की रडावं कळेना. बायकोशी काहीतरी चांगलं बोलावं असं त्याला फार वाटलं, पण शब्द सापडेनात. शेवटी तो उठला आणि म्हणाला, "चहा टाकतो." संसारातला तो त्याचा बहुधा पहिलाच चहा. साखर विसरला होता. बायकोनं तो मुकाट्यानं शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

दुपारपर्यंत पानं भरली. ढब्बूचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण त्यानं जीव ओतून लिहिलं होतं. शेवटी एक प्रश्न उरला. अर्जदार काही काम करतात का?

तिघंही एकमेकांकडे बघू लागली. कारण ताई काम करत होती. ढब्बूचा धंद्याचा फोन दिवसभर तिच्या खुर्चीला जोडलेल्या फळीवर असायचा. तक्रारींचे संदेश ती वाचायची, त्या एका बोटानं उत्तरं लिहायची, पत्ता विचारायची, कुणाकडे आधी जायचं ते ठरवायची. कित्येक गिऱ्हाइकांना वाटायचं, ढब्बूनं ऑफिस थाटलंय आणि तिथे एक मॅडम बसवल्यात.

"हे नको लिहायला," ढब्बू म्हणाला. "म्हणतील, काम करते म्हणजे धडधाकट आहे. भत्ता बंद."

बायकोही म्हणाली, "विकतचं दुखणं कशाला घ्यायचं, ताई?"

ताईचा चेहरा लाल झाला. रागावली की तिची जीभ आणखी अडायची, पण दोघंही थांबली. ती म्हणाली, "मला काय काय येत नाही, ते तू सकाळपासून लिहितोयस. मी एका शब्दानं बोलले नाही, कारण ते खरं आहे. आता मला जे एक येतं तेवढंच गाळणार? मग हा अर्ज माझा नाही. दुसऱ्या कुणाचा तरी आहे."

ढब्बूनं पेन उचललं आणि लिहिलं. दुसऱ्या दिवशी अर्ज पुन्हा रवाना झाला.

थोड्याच दिवसांत बोलावणं आलं. ताईला घेऊन कार्यालयात हजर राहावे. आता खुर्चीसकट न्यायचं कसं? ढब्बूनं आइस्क्रीमवाल्याला गाठलं. त्याच्या दुकानातले फ्रीजर ढब्बूच बघायचा, आणि त्याची माल पोचवायची गाडी उंच, ऐसपैस, मागून उघडणारी होती. आइस्क्रीमवाला स्वतः गाडी घेऊन दारात आला. बायकोही बरोबर निघाली. फळी टाकून ताईला आत चढवताना ढब्बू म्हणाला, "ही माझी ताई. तुमच्या संदेशांना उत्तरं देते ती हीच."

आइस्क्रीमवाला जागच्या जागी उभा राहिला. "ऑफिसच्या मॅडम? तुम्ही?" मग त्यानं हात जोडले. "भर उन्हाळ्यात माझा मोठा फ्रीजर बंद पडला होता. तुम्ही याला दुसरीकडून उठवून माझ्याकडे पाठवलंत. सगळा माल वाचला माझा. मी तेव्हाच ठरवलं होतं, त्या मॅडमना भेटून आभार मानायचे."

ताई म्हणाली, "मग आज गाडी पळवा, नाहीतर मी वितळेन." त्याला ते कळलं नाही. ढब्बूनं सांगितलं तेव्हा तो इतका हसला की गाडी सुरू करायला त्याला वेळ लागला.

कार्यालयात गर्दी होती. त्यांचा नंबर आला त्या टेबलामागे पिकल्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या. समोर ढब्बूच्या हस्ताक्षरातली पानं. ढब्बूनं घसा साफ केला, सगळं पाठ करून आला होता. पण बाईंनी आपली खुर्ची सरकवून ताईच्या समोर घेतली आणि विचारलं, "प्रवासात त्रास नाही ना झाला?"

ताई बोलू लागली. अर्ध्या वाक्यावर ढब्बू सवयीनं मध्ये पडला, "ती म्हणतेय की..."

बाईंनी त्याच्याकडे न बघता हात वर केला. "त्यांना सांगू द्या. मला वेळ आहे."

मागे रांग लागलेली असताना त्या थांबल्या. पहिल्यांदा काही कळलं नाही तेव्हा सरळ म्हणाल्या, "नाही समजलं, पुन्हा सांगा." कळल्यासारखी मान हलवणारी माणसं ताईनं आयुष्यभर पाहिली होती. न कळल्याचं कबूल करणारी फार थोडी. ती पुन्हा बोलली, आणि या वेळी बाईंना समजलं.

"भावाच्या धंद्यात मदत करता असं लिहिलंय."

ढब्बू पुढे सरकून बसला.

"करते," ताई म्हणाली. "बोट ऐकतं तोवर. कधी दुपारपर्यंत ऐकतं. कधी सकाळीच संपावर जातं."

बाई हसल्या. "लिहिलंत ते बरं केलंत. एवढ्याशा कामानं भत्ता जात नाही. लपवलं असतंत आणि मागाहून कळलं असतं, तर मात्र तुम्हाला उत्तरं द्यावी लागली असती." मग पान उलटून म्हणाल्या, "रात्री भावजय उठतात म्हणे. मग त्या झोपतात कधी?"

"ती मागे बसलीये," ताई म्हणाली. "तिलाच विचारा. तिला कुणी विचारत नाही."

बायको गडबडली. "छे छे, मला काही त्रास नाही हो. सवय झालीये." एवढं बोलली आणि डोळ्यांत पाणी कुठून आलं तिचं तिलाच कळेना. "कधी कधी पाठ धरते फक्त. तेव्हा भीती वाटते, हे घरी नसताना उचलायला गेले आणि ताई हातातून सुटल्या तर."

"हे यात नाही लिहिलेलं," बाई म्हणाल्या आणि स्वतःच्या हातानं लिहू लागल्या. ढब्बू मान खाली घालून बसला होता. एवढा सविस्तर अर्ज लिहूनही जी मुख्य गोष्ट त्याला दिसली नव्हती, ती त्या परक्या बाईनं एका प्रश्नात बाहेर काढली होती. त्याला त्यांचा राग आला नाही. उलट त्यांचे पाय धरावेत असं वाटलं.

महिन्याभरात उत्तर आलं. भत्ता चालू राहणार होता. शिवाय रोज सकाळ-संध्याकाळ एक मदतनीस येणार होती आणि आठवड्यातले काही दिवस रात्रीसाठीही. मदतनीस आली ती उंचनिंच, खणखणीत आवाजाची, आणि गाणं येत नसताना गाणारी. ताईनं पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, "काम उत्तम. गाणं बंद." गाणं काही बंद झालं नाही. दोघींचं त्यावरून रोज भांडण व्हायचं आणि त्यात दोघींचा वेळ मजेत जायचा.

मदतनीस बाईला सगळं शिकवून झालं आणि ताईनंच विषय काढला. भावजयीला म्हणाली, "तू बहिणीकडे जाऊन ये. आई आजारी पडली तेव्हापासून गेली नाहीस."

"तुमचं कसं होईल?"

"ढब्बू आहे. ती गाणारी आहे. नाहीच जमलं तर सविस्तर कळवीन."

ढब्बू तिला बसथांब्यावर सोडायला गेला. पिशवी त्यानंच धरली होती. कितीतरी दिवस घोळत असलेलं बोलायचं म्हणून त्यानं दोनदा सुरुवात केली आणि दोनदा हवापाण्यावर घसरला. एवढ्यात बस आली. बायको चढून खिडकीशी बसली. मग मात्र त्याला राहवेना. तो खिडकीखाली येऊन मोठ्यानं म्हणाला, "तू केलंस म्हणून घर उभं राहिलं. आईच्या मागं ताईला काही कमी पडू दिलं नाहीस. मी आंधळ्यासारखा वागलो. तुझे फार उपकार आहेत गं."

अख्खी बस बाहेर बघू लागली. बायकोनं लाजून तोंडावर हात घेतला. "अहो, हळू! घरी नाही का बोलता येत?"

"घरी सुचत नाही."

चालकानं मान बाहेर काढली. "झालं का बोलून? की आणखी थांबवू?"

"झालं, झालं," ढब्बू म्हणाला.

"नाही, थांबा जरा," बायको म्हणाली. तिनं खिडकीतून हात बाहेर काढून त्याच्या शर्टाची चुरगळलेली कॉलर सरळ केली. "आता सोडा."