अकरा घरांची यादी

चौतीस वर्षं तिकीट तपासनिसाची नोकरी केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर एक व्याधी हमखास जडते. समोर येईल तो माणूस त्याला विनातिकीट वाटतो. मानसिंगराव शिर्क्यांना ती चांगलीच जडली होती. बडोद्यात दांडिया बाजारातल्या त्यांच्या घरी गॅसचा सिलिंडर आला, तरी ते आणणाऱ्याच्या डोळ्यांत रोखून बघत. पूर्णिमाबाई म्हणायच्या, "अहो, तो सिलिंडर द्यायला आलाय, न्यायला नाही." पण स्वभावाला औषध नाही.

अशा माणसानं 'सोबत'मध्ये जावं हेच मुळात नवल. 'सोबत' म्हणजे शालिनीताईंनी जमवलेली सात माणसं. लहरीपुऱ्यामागे पेटीवाल्यांचा खांचो आहे. एक बंद बोळ, त्यात पत्र्याच्या पेट्या ठोकणाऱ्या मुसलमान कारागिरांची अकरा घरं, आणि जायला-यायला तोंड एकच. गेल्या वर्षी शोभायात्रा तिथून जाताना दगड पडले, दोन घरांची दारं फुटली. सुरुवात कोणी केली यावर अजून दोन मतं आहेत आणि दोन्ही मतांची माणसं शपथेवर बोलतात.

शालिनीताई विद्यापीठाच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या. त्यांनी ठरवलं, यंदा खांच्याच्या तोंडाशी आपण खुर्च्या टाकून बसायचं. हातात काठी नाही, तोंडी घोषणा नाही. सगळ्यांना दिसेल असं, दोघादोघांनी बसायचं. ओळखीतलं म्हातारं माणूस वाटेत बसलेलं असलं की दगड उचलणारा हात जरा अडखळतो, एवढंच त्यांचं शास्त्र. वेळ आलीच तर आतल्या माणसांच्या सोबत चालत त्यांना सुरक्षित जागी न्यायचं. अफवा कानावर आली तर पुढे ढकलायची नाही, स्वतः जाऊन बघून यायचं.

मानसिंगराव यात पडले ते लाजेपोटी. गेल्या वर्षी दगड पडत होते तेव्हा ते लहरीपुऱ्यातच होते, आणि एका दुकानाचं शटर आतून ओढून बसले होते. बाहेर कोणीतरी शटरवर थापा मारत होतं. त्यांनी ते उघडलं नाही. ही गोष्ट त्यांनी पूर्णिमाबाईंनाही सांगितली नव्हती.

कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेलं कोण, गरोदर कोण, आधी कोणाला हलवायचं, हे लिहून ठेवायचं काम त्यांनी मागून घेतलं. त्यांचे आजोबा संस्थानात कारकून. शिर्क्यांच्या घरात जमीन-जुमला फारसा आला नाही, अक्षर मात्र पिढ्यान्‌पिढ्या आलं. एका फुलस्केपवर चार रकाने, तांबड्या शाईच्या रेघा, आणि टपोऱ्या देवनागरीत अकरा घरं. शालिनीताईंनी ते पान पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"कागद नकोच होता खरं तर. निदान हा तुमच्या हातून सुटता कामा नये, मानसिंगराव."

"शालिनीताई, मी रेल्वेत होतो," ते म्हणाले. म्हणजे काय, ते त्यांनाच ठाऊक.

मग यात्रेला दोन आठवडे उरले असताना 'सोबत'मध्ये हार्दिक आला. गुजराती, चाळिशीचा, सयाजीगंजात विम्याचं ऑफिस असलेला. त्याला सारखे फोन यायचे. फोन आला की हा उठून लांब जायचा आणि तोंडावर हात धरून बोलायचा. मानसिंगरावांनी एकदा चपलेचा अंगठा नीट करण्याच्या मिषानं कान दिला. हार्दिक म्हणत होता, "हा, पेटीवालानो खांचो. ना ना, पाछळथी रस्तो नथी."

मागून रस्ता नाही! हे कोणाला सांगतोय हा? मानसिंगरावांच्या मनात पाल चुकचुकली, आणि ती त्यांच्या मनात चुकचुकली की मुक्कामालाच येते. त्यांनी हार्दिकच्या स्कूटरचा नंबर पाठ केला. तो चहाला बोलवायचा तर हे पोट बिघडल्याचं सांगायचे. शालिनीताईंना दोनदा सुचवून पाहिलं. त्या नुसतं "बघू" म्हणाल्या, तेव्हा त्यांना शालिनीताईंचाही थोडा संशय आला.

शोभायात्रेच्या दिवशी सकाळी दहाला खांच्यातली रुखसाना थेट त्यांच्या दारात उभी राहिली. जिना धावत चढल्यानं तिला धाप लागली होती. तिनं फोन पुढे केला.

"अंकल, ये आपका लिखा हुआ है ना? मेरे भाई को किसी ने भेजा है."

फोनवर यादी होती. चार रकाने, तांबड्या रेघा. खाली कोणीतरी हिंदीत एवढंच लिहिलं होतं : पहले घर से शुरू.

मानसिंगरावांच्या पायाखालची जमीन सरकली, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांना एक प्रकारचं समाधानही वाटलं, हे इथं सांगायलाच हवं. आपण म्हणत नव्हतो? रुखसानाला घेऊन ते तडक शालिनीताईंकडे गेले. हार्दिक तिथंच खुर्च्या मोजत होता.

"विचारा याला! लांब जाऊन कोणाशी बोलतो ते विचारा. मागून रस्ता नाही म्हणून कोणाला कळवत होता?"

हार्दिक पुढे आला. त्यानं रुखसानाच्या हातून फोन घेतला, फोटो बोटांनी मोठा केला, आणि मानसिंगरावांपुढे धरला. "काका, आ टेबल कोनुं छे?"

कागदाच्या कडेला मेणकापड दिसत होतं. पिवळं, त्यावर लिंबं. पूर्णिमाबाईंनी दिवाळीत मंगळबाजारातून आणलेलं.

यादी पुरी झाली त्या रविवारी ती त्या टेबलावर पडली होती, उन्हात, शाई वाळत. इतकी देखणी दिसत होती. मानसिंगरावांनी फोटो काढला आणि 'शिर्के परिवार, बडोदे' या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं : अडुसष्टाव्या वर्षीही हात थरथरत नाही. यादी कसली आहे, हे त्या वेळी त्यांच्या डोक्यातच नव्हतं. त्यांना फक्त अक्षर दिसत होतं. एक्केचाळीस अंगठे आले. पुतण्या उन्मेषनं लिहिलं, काका, जबरदस्त. ते सगळे अंगठे त्यांनी दुपारभर पुन्हा पुन्हा पाहिले होते.

"टेबल माझंच," ते म्हणाले.

"हार्दिकचा मामेभाऊ यात्रेच्या मंडळात आहे," शालिनीताई म्हणाल्या. "बँड खांच्यासमोर थांबवू नका, टेम्पो आत घालू नका, मागून वाट नाही, हे हार्दिक त्याला रोज पटवत होता. मला माहीत होतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुमच्या पोटात राहिलं नसतं." असं म्हणून त्यांनी रुखसानाकडे पाहिलं. "यादी बाहेर गेली ती आमच्याकडून. हे खांच्यात जाऊन सांगायला हवं. आत्ताच."

"मी सांगतो," मानसिंगराव म्हणाले.

खांच्यात त्या वेळी घरं सोडायची की राहायचं यावर वाद चालला होता. सोडली तर कुलपं फुटणार, राहिलं तर आता दारंसुद्धा कोणाची ते बाहेर माहीत झालेलं. मानसिंगरावांनी सगळ्यांसमोर सांगितलं. काही गाळलं नाही, अंगठेसुद्धा सांगितले.

"लिस्ट बनाने को बोला किसने था?" एका कारागिरानं विचारलं.

"पहला घर मेरा है?" अमीनाबेननं विचारलं. सत्तरीची बाई. नवरा पक्षाघातानं खाटेवर, म्हणून यादीत ती पहिली.

"हो."

"तो साहब बाहर कुर्सी पर नहीं बैठेंगे. मेरे घर में बैठेंगे."

यात माया नव्हती. बाहेर हा माणूस कोणाला काय खुणावेल याची तिला खात्री नव्हती, म्हणून तिला तो नजरेसमोर हवा होता. मानसिंगरावांना हे पुरतं कळलं. स्वतः ते असंच वागले असते. "साहब अंदर बैठेंगे तो हम भी रुकते हैं," रुखसाना म्हणाली, आणि एकेक करून घरं राहिली.

पाच वाजता ढोल ऐकू यायला लागले. मानसिंगराव दाराला लागून स्टुलावर बसले होते. मागे खाट, खाटेवरचा म्हातारा छताकडे बघत पडलेला, आणि अमीनाबेन त्यांच्याकडे बघत उभी. ती एकदाही बसली नाही. त्यांचा फोन तिनं आधीच मागून घेतला होता.

बँड आला, वाजत राहिला, आणि न थांबता पुढे गेला. हार्दिकच्या मामेभावानं शब्द पाळला होता. तेवढ्यात खांच्याच्या तोंडाशी पावलं वाजली. पाच-सहा जण असावेत.

"शुं काम छे, भाई?" हा हार्दिकचा आवाज, अगदी साधा.

"बैठो बैठो. सिर्फ पहला घर देखना है."

हा दुसरा आवाज मानसिंगरावांनी त्या पोराच्या जन्मापासून ऐकला होता. त्याला त्यांनी सायकल शिकवली होती. शटरवरच्या त्या थापा त्यांना आठवल्या, आणि अजून थोडा वेळ बसून राहिलो तर आपण उठणारच नाही, हेही समजलं. ते उठले. अमीनाबेन "नहीं" म्हणेपर्यंत त्यांनी कडी काढली होती.

समोर उन्मेष. एका हातात फोन, दुसऱ्या हातात विटेचा तुकडा. मागे शालिनीताई आणि हार्दिक खुर्च्या सोडून उभे, हात मोकळे.

"काका? तुम्ही इथं काय करताय?"

"यादीतलं पहिलं घर हेच. मी याच घरात आहे." त्यांनी फोनकडे बोट दाखवलं. "माझंच अक्षर आहे ते, ओळखलंस ना?"

उन्मेषनं फोनकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. "घरी चला, काका. उगाच तमाशा नको."

"तू जा. मी बसलोय."

बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले. "अल्या, तारा काका छे?" कोणीतरी हसून विचारलं. उन्मेषचे कान लाल झाले. विटेचा तुकडा त्यानं टाकला नाही, पण तो वळला. इतर त्याच्यामागे रेंगाळत गेले. शेवटच्यानं जाता जाता रिकाम्या खुर्चीवर थुंकून घेतलं.

मानसिंगराव आत आले. खरं सांगायचं तर आता आपल्याला कोणीतरी पाणी विचारेल असं त्यांना वाटत होतं. अमीनाबेन जागची हलली नव्हती.

"आपका भतीजा है?"

"हो."

"सच बताओ साहब. दरवाज़ा किसके लिए खोला? हमें बचाने को, कि उसको?"

उन्मेषचं नाव पोलिसांच्या कागदावर, तुरुंगाच्या दारात उभी वहिनी, हे सगळं कडी काढताना मानसिंगरावांच्या डोळ्यांपुढे होतं की नव्हतं?

"मालूम नहीं," ते म्हणाले.

अमीनाबेननं पुढे होऊन कडी लावली, आणि दिवसभरात पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाठ करून नवऱ्याची उशी सरळ करायला गेली.