खारं पाणी

“फार दुर्मीळ केस होती तुझ्या आईची,” असं म्हणत आमच्या घरी बसलेल्या प्रोफेसर मस्तूरींनी कॉफीत तिसरा साखरेचा खडा सोडला. आईला पुरून तीन दिवस झाले होते. तिचं कौतुक करण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

माझी आई शाद्लिया, बेजा शहराच्या रुग्णालयात शिवणकाम करायची. शस्त्रक्रियेच्या हिरव्या कापडांना काठ घालायची, डॉक्टरांचे झगे उसवले की टाचायची. तिथले मुख्य सर्जन असलेल्या प्रोफेसरांची उजवी बाही कायम काखेत उसवलेली असे, हातवारे फार. ते तिला ‘सुई’ म्हणत.

गेल्या हिवाळ्यात तिने त्यांना जिन्यात गाठलं. मी सोबत होते.

“साहेब, खोकला आला की तोंडात खारं पाणी येतं. द्राक्षाच्या सालीसारखं काहीतरी पडतं.”

“मग रडणं कमी कर, सुई. डोळ्यांतलं घशात उतरतंय.”

मागचे शिकाऊ डॉक्टर हसले. आईही हसली. साहेबांनी दम्याचं औषध लिहून दिलं.

आमच्याकडे ईदला मेंढी कापली की यकृतावरचे खाऱ्या पाण्याचे फोड शेंबडं पोरही ओळखतं. माणसाच्या पोटातला तोच रोग ओळखायला प्रोफेसरांना उन्हाळा उजाडला. तोवर यकृतातली गाठ छातीखालचा पडदा फाडून फुप्फुसात पुरती फुटली होती. मग मात्र त्यांचे डोळे चमकले. त्यांनी पोट उघडलं, छाती उघडली. गाठीतला थेंबही सांडू नये म्हणून भोवती मिठाच्या पाण्यात भिजवलेली कापडं रचली. त्यांचे काठ आईनेच घातलेले. पण पू आधीच पसरला होता.

“शस्त्रक्रियेचे फोटो ट्युनिसच्या परिषदेत दाखवायचे आहेत,” प्रोफेसर म्हणाले. “तुझी सही लागेल, मुली. नाव कुठेही येणार नाही.”

“नाव ठाऊक आहे तुम्हाला?”

त्यांनी खिशातला संमतीचा कागद काढला.

“बघा, बघा,” कॉफीचं तबक घेऊन उभी असलेली माझी मावशी हयात म्हणाली. “त्यात असेल.”

“करते सही,” मी म्हणाले. “फक्त सुरुवात जिन्यापासून करा. ती काय म्हणाली, तुम्ही काय म्हणालात.”

“कुठला जिना?”

त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी शब्द न् शब्द सांगितला. त्यांनी कप बशीत ठेवला.

“असल्या गप्पा परिषदेत कोणी मांडत नाही.”

“मग तिचं पोटही मांडू नका.”

त्यांनी कागदाची घडी घातली. उठताना कोटाचं बटण दोऱ्यावर लोंबकळलं. ते त्यांनी चाचपून पाहिलं.

“आता तिकडे धड बटण लावणारंही कोणी उरलं नाही,” ते म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा आवाज जरा हलला.

दाराजवळच्या खुंटीवर आईचा कामाचा झगा होता. कॉलरमध्ये सुई खोचलेली, पांढरा दोरा ओवलेला. मावशीने आधी सुईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी प्रोफेसरांसाठी दार उघडून धरलं.