हॅगशॉ टाउनची सेक्रेटरी

हॅगशॉ टाउन फुटबॉल क्लबची वार्षिक सभा जूनमधल्या एका रविवारी दुपारी क्लबच्या बारमध्ये भरते, आणि तिथे मान वर करायची नसते. एवढं कळलं की माणूस तरला. अध्यक्षांनी "कुणी इच्छुक?" असं विचारलं की सगळे आपापल्या ग्लासात बघतात. ज्याची नजर चुकून अध्यक्षांच्या नजरेला भिडते, त्याच्या गळ्यात काम पडतं. केन डकवर्थ एकदा ऐन वेळी शिंकला आणि पुढे कित्येक वर्षं मैदानाचं गवत कापत राहिला.

माझ्या गळ्यात सेक्रेटरीपद पडलं ते चहाच्या टेबलावर. आधी माझा नवरा गॉर्डन सेक्रेटरी होता. भर हंगामात, फेब्रुवारीत तो गेला. त्याच्या अंत्यविधीनंतर अध्यक्ष रोलंड टॅटरसॉल हातात सँडविच घेऊन माझ्या शेजारी बसला. दुसरं कुणी मिळेपर्यंत तू बघशील का, म्हणाला. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. दुसरं कुणी अजून मिळायचंय.

क्लबची थोरवी काय ती बारच्या भिंतीवर टांगलेली आहे. दोरखंडाच्या गिरणीतल्या कामगारांनी क्लब काढला, म्हणून आम्ही दोरवाले. फोटोत चिखलाने माखलेले अकरा दोरवाले दात काढून हसतायत, कारण त्या दिवशी त्यांनी कप स्पर्धेत पहिल्या विभागातल्या एका बड्या संघाला लोळवलं होतं. ते आमच्या आजोबांचं सुख. पुढे उतरती कळाच लागली. आधी चौथा विभाग, मग मोठ्या लीगच्याच बाहेर, मग गिरणी बंद, मग आणखी खाली. आता आम्ही अशा पायरीवर आहोत की प्रेक्षक शिव्या घालतात तेही खेळाडूच्या आईची खुशाली विचारून झाल्यावर.

माझी बहीण बेरिल तिकडे वेल्समध्ये, टेन्बीला राहते. समुद्राकडे तोंड असलेली तिची एक खोली माझ्यासाठी रिकामी असायची. दर वर्षी मी येते म्हणायची आणि दर वर्षी राहून जायचं. नाताळात तिने निक्षून सांगितलं की या उन्हाळ्यात आली नाहीस तर खोली भाडेकरूला देईन. मीही मग कंबर कसली. मी पुन्हा उभी राहणार नाही, हे क्लबमध्ये सगळ्यांना नाताळात सांगितलं, ईस्टरला पुन्हा सांगितलं. सगळे म्हणाले, अगदी बरोबर आहे तुझं, विनी. आणि मग कुणीही काहीही केलं नाही.

जून संपायच्या आत सेक्रेटरीचं नाव आमच्या छोट्या लीगकडे गेलं नाही तर क्लबची तिथली जागा जाते आणि क्लब बंद पडतो. मैदानाच्या मालकाला तेच तर हवंय. त्याला तिथे घरं बांधायचीत.

सभेत रोलंडने माझं पद पुकारलं. माना खाली. मी हाताची घडी घालून बसले. तेवढ्यात मागून कुणीतरी उठलं. एड्रियन प्रीस्टनॉल, दोन वर्षांपूर्वी गावात आलेला शाळामास्तर. शेजारी त्याची बायको, मांडीवर तान्हं मूल.

"मिसेस एंटविसल," त्याने विचारलं, "काम साधारण किती असतं हो?"

सगळ्या माना वर झाल्या. आठवड्याला दोन संध्याकाळी, असं तेव्हा रोलंडने मला सांगितलं होतं. तेच वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. एवढं बोलले की मी सुटले. पण त्याची बायको त्याच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

मग मी सगळं सांगितलं. पंच नेमके जेवायच्या वेळी फोन करतात. शनिवारी उजाडायच्या आत मैदानात जाऊन पाणी साचलंय का बघावं लागतं, नाहीतर पाहुणा संघ बस भरून येऊन थडकतो. एका खेळाडूची नोंद राहून गेली तर जिंकलेले गुण जातात आणि मग दुकानातही कुणी बोलत नाही. माझ्या बहिणीचा नवरा हॅरल्ड वारला तेव्हाही मी गेले नाही, कारण त्या दिवशी आमचा सामना होता.

बायकोने एड्रियनची बाही ओढली. तो खाली बसला.

मग म्हातारा नॉबी क्लेग ग्लासाकडे बघतच म्हणाला, "तिथे घरं झाली, तर आपल्या गॉर्डनचं काय करायचं, विनी?"

आमच्याकडे क्लबच्या जुन्या माणसांची राख गोलसमोरच्या मातीत पुरतात. गॉर्डन गिरणीकडच्या गोलसमोर आहे. माझं डोकं फिरलं.

"गॉर्डनला टेन्बीच्या समुद्रात जायचं होतं," मी म्हणाले. "तुम्ही सगळ्यांनी मागितला म्हणून मी दिला. आता त्याच्याच नावाने मला बांधून ठेवता? जरा लाज वाटू दे."

नॉबी लालबुंद झाला. मला बरं वाटलं. आता लाजेखातर तरी एखादा हात वर होईल, म्हणून मी एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. केनला काठीशिवाय उभं राहता येत नाही. नॉबीला मैदानाचं पलीकडचं टोक दिसत नाही. रोलंडला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते. इतकी वर्षं मी त्यांना लबाड समजत होते, पण ते लबाड नव्हते. खरंच कुणी उरलं नव्हतं. त्यांनी मला पुन्हा विचारलंही नसतं. क्लब तिथेच माझ्यासमोर मेला असता आणि ते मुकाट्याने घरी गेले असते. मला ते सोसेना.

"एक हंगाम," मी म्हणाले. "फक्त एक."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रोलंडने घसा खाकरला आणि पुढचा विषय घेतला, सामन्याला विकायच्या मटणाच्या पाई कुणाकडून मागवायच्या याचा.

सभा संपल्यावर गाडीत बसून मी बेरिलला फोन लावला. एवढं एकच वर्ष खोली रिकामी ठेव, म्हणाले.

"अगं, खोली मी ईस्टरलाच दिली," ती म्हणाली.

"दिलीस? मी येते म्हणून सांगत होते ना तुला?"

"विनी, तू माझ्या हॅरल्डच्या मातीला नाही आलीस. सांगत तर तू तेव्हाही होतीसच."

ती चिडली असती तर मी भांडले असते. पण तिचा आवाज मऊ होता, बऱ्याच वर्षांपूर्वी रडून मोकळ्या झालेल्या माणसाचा. सभेत मी तोंड शिवून बसले असते, क्लब मरू दिला असता, तरी जायला मला जागाच नव्हती. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, भाडेकरू कसा आहे.

"चांगला आहे गं," बेरिल म्हणाली. "फुटबॉल बघत नाही."