सासूबाईंच्या गाडीचं सर्व्हिसिंग

डॉक्टरबाईंनी गाडी घेतली तेव्हा घरात कोणालाच विचारलं नाही; गाडी थेट दारात येऊन उभी राहिली. दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, गडद निळी गाडी. चालू केली की आधी घसा खाकरायची आणि मग पोटातून गुरगुरायची. डॉक्टरबाईंचे यजमान शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले; सगळे त्यांना सरच म्हणत. सरांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, मागचं झाकण उघडून आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "भाजीच्या पिशव्या कुठे ठेवायच्या?"

"मांडीवर," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

डॉक्टरबाई भूल देणाऱ्या डॉक्टर. उभा जन्म ऑपरेशनच्या टेबलाच्या डोक्याशी बसून काढलेला. सर्जनचं नाव पेशंटच्या घरी वर्षानुवर्षं निघतं; भूल कोणी दिली होती ते कोणाच्या गावीही नसतं. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. मात्र ऑपरेशनच्या आधी त्या पेशंटपाशी जाऊन बसायच्या आणि काय होणार, काय बिघडू शकतं, ते आडपडदा न ठेवता सांगायच्या. खरं ऐकलं की माणूस आधी घाबरतो आणि मग त्याला धीर येतो, असा त्यांचा अनुभव होता. नातेवाईक पेशंटला बाहेर काढून दारामागे कुजबुजायला लागले की त्यांचं डोकं फिरायचं.

वॉरंटी होती तोवर गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जायची. तिथं फरशी इतकी चकचकीत की पाय पुसल्याशिवाय आत जाववत नसे. गुबगुबीत सोफे, कॉफीचं मशीन, आणि समोर भली मोठी काच. काचेपलीकडे हातमोजे घातलेली माणसं आपली गाडी उचलून तिच्या पोटाखाली उभी असलेली दिसायची, पण ती काय बोलताहेत ते ऐकू यायचं नाही. काम चोख व्हायचं, त्यात शंका नाही. गाडी परत यायची ती धुऊन-पुसून, नवरीसारखी.

आणि या सेंटरनंच त्यांना जावई दिला. पहिल्या सर्व्हिसिंगनंतर गाडी आणायला लेक गेली होती. तिथल्या मॅनेजरनं तिला सगळी कामं समजावून सांगितली, तिनं मुद्दाम दोन-चार शंका काढल्या, आणि पुढच्या वर्षी लग्न. सर भेटेल त्याला सांगायचे, "लोकांना गाडीबरोबर फार तर सीट कव्हर फुकट मिळतं."

मुलगा लाखात एक होता. सरळ, कामसू, बोलायला मऊ. पण लग्न झाल्या दिवसापासून सर्व्हिस सेंटरमध्ये डॉक्टरबाईंची गाडी ही गिऱ्हाइकाची गाडी राहिली नाही, सासूबाईंची गाडी झाली. त्या दारात आल्या की दोन माणसं उठून उभी राहायची. सोफ्यावर उशी यायची. गाडीला काय झालं होतं असं विचारलं तर जावई हसून म्हणायचा, "काही नाही आई, किरकोळ होतं, करून टाकलं."

हे किरकोळ काय असतं ते डॉक्टरबाईंना एके दिवशी लेकीकडून कळलं. लेकीचा फोन आला. आवाज जपून, पेशंटशी बोलावं तसा. गेल्या खेपेला ब्रेकचे पॅड पार झिजलेले निघाले होते म्हणे. जावयानं गुपचूप बदलले आणि घरी जाऊन बायकोच्या कानावर घातलं, की आई गाडी जरा जोरात मारतात.

"आई, तू घाटात शर्यत लावतेस का?" लेकीनं विचारलं.

डॉक्टरबाईंच्या रागाचा पारा चढला, पण त्या शांतपणे "बरं" म्हणाल्या. फोन ठेवल्यावर सरांपुढे मात्र तोंड उघडलं. ब्रेक माझे, पाय माझा, आणि रोगाचं निदान मात्र लेकीला सांगायचं? मी काय शुद्धीवर नव्हते? सरांनी वर्तमानपत्र हळूच उंच धरलं. लेक चुकली म्हणावं तर लेकीशी भांडण, बायको चुकली म्हणावं तर त्याहून मोठं भांडण.

वॉरंटी संपली त्याच महिन्यात डॉक्टरबाई दुसरं गॅरेज शोधायला लागल्या. हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागातल्या एकानं काटकोनाचं नाव सांगितलं. काटकोन हे अर्थात टोपणनाव. हा माणूस बरीच वर्षं कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये होता, मग बाहेर पडून छापखान्याच्या मागच्या गल्लीत त्यानं स्वतःचं गॅरेज काढलं होतं. भिंतीवरचे पाने, टेबलावरचे स्क्रू, एवढंच काय कोपऱ्यातला झाडूसुद्धा तिथं रेघ मारून ठेवल्यासारखा असायचा. एका वेळी तीनच गाड्या घ्यायचा. चौथ्याला सांगायचा, पुढच्या आठवड्यात या.

त्यानं डॉक्टरबाईंना सोफ्यावर बसवलं नाही, कारण सोफा नव्हताच. गाडी वर उचलली, पुढचं चाक काढलं आणि त्यांनाच खाली बोलावलं.

"इथं बोट फिरवा," तो म्हणाला. "लागतंय?"

ब्रेकच्या चकतीवर बोटाला बारीक लाटा लागत होत्या.

"ही तापून तापून खराब झालीय. म्हणून जोरात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं तुमचं. थरथरतं ना? उतारावर ब्रेकवर पाय ठेवून उतरता तुम्ही. स्टिअरिंगमागच्या त्या पट्ट्या शोभेच्या नाहीत. त्यांनी गिअर खाली घ्यायचा, गाडी इंजिनावर तोलायची, आणि ब्रेक लागेल तेवढाच. वेगाला माझी ना नाही. पण चालवताय ते चुकीचं."

किती दिवसांत डॉक्टरबाईंना कोणी असं तोंडावर चूक म्हणालं नव्हतं. त्यांना बरं वाटलं. त्यांनी विचारायला सुरुवात केली आणि काटकोन सांगत गेला. शेवटी त्यानं एक गोष्ट बजावली. ऑइल, ब्रेक, प्लग, टायर, सस्पेन्शन, सगळं तो बघेल. पण गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला हात लावणार नाही. ते काम कंपनीकडेच नीट होतं, उगाच फुशारकी मारण्यात अर्थ नाही.

अशा रीतीनं डॉक्टरबाईंची गाडी काटकोनाकडे जायला लागली आणि घरात ही गोष्ट सरांखेरीज कोणाला माहीत नव्हती. जावयाला कसं सांगायचं? ज्या दुकानात जावई बसतो तिथलं गिऱ्हाईक सासूनंच तोडायचं, हे काही बरं दिसत नव्हतं. त्यानं विचारलं तर त्या म्हणायच्या, "हल्ली गाडी फार निघत नाही हो बाहेर. सर्व्हिसिंगची घाई नाही."

एक खोटं पचलं, की ते आपलं आपण वाढायला लागतं. सासूबाई गाडी काढत नाहीत म्हटल्यावर जावई काळजीत पडला. त्यानं लेकीला सांगितलं. लेकीनं त्याचा अर्थ लावला: आईला गाडी आवरेनाशी झालीय, किंवा नजर कमी झालीय, आणि ती सांगत नाहीये. एका रविवारी दोघं आली. लेकीनं आधी आईला खिडकीबाहेरची पाटी वाचायला लावली, सहज म्हणून. मग म्हणाली, एखादी छोटीशी, उंच, चढायला-उतरायला सोपी गाडी घेतली तर? जावई फरशीकडे बघत उभा होता. सरांना एकाएकी ठसका लागला आणि ते पाणी प्यायला आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

आणि नेमकं त्याच सुमारास गिअरबॉक्सनं कुरकूर सुरू केली. हळू वेगात, गर्दीत, गिअर खाली येताना गाडी हिसका द्यायची. काटकोनानं चालवून पाहिली आणि सरळ सांगितलं, हे तिकडचं काम. गाडी तिकडे न्यायची म्हणजे काटकोनाचे नवेकोरे ब्रेक, नवं ऑइल, सगळं जावयाच्या डोळ्यांपुढे येणार. डॉक्टरबाईंनी काम पुढे ढकललं. एरवी पेशंटनं असं केलं असतं तर त्यांनी त्याला फैलावर घेतलं असतं.

मग एका शनिवारी दुपारी त्या वायपर बदलून घ्यायला गॅरेजमध्ये गेल्या. कोपऱ्यात एक जुनी पांढरी गाडी उभी असायची, बहुतेक वेळा कापडाखाली. आज कापड बाजूला होतं आणि गाडीखालून कोणाचे तरी दोन पाय बाहेर आले होते. पायांत तपकिरी चामड्याचे बूट. डॉक्टरबाईंनी त्या बुटांकडे दोनदा पाहिलं. लग्नाच्या वेळी चार दुकानं पालथी घालून त्यांनीच ते पसंत केले होते.

"जावईबापू," त्या म्हणाल्या.

गाडीखाली काहीतरी खणकन पडलं. पाय आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. शेवटी आत लपण्यासारखी जागा नाही हे ध्यानात आल्यावर जावई बाहेर आला. कपाळाला काळं ग्रीस, आणि चेहऱ्यावर रंगेहाथ पकडल्याचा भाव. मग त्याची नजर डॉक्टरबाईंच्या निळ्या गाडीवर गेली, ती ज्या सराईतपणे आत लावली होती त्यावर गेली, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा भाव हळूहळू बदलला.

काटकोनानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, "मी चहाचं बघतो," म्हणाला आणि स्वतःच्याच गॅरेजमधून निघून गेला.

दोघं लाकडी बाकावर बसले. पांढरी गाडी जावयाच्या वडिलांची. ते गेल्यावर ती विकून टाकायचं त्यानं लेकीला कबूल केलं होतं, कारण घरापुढे जागा एकाच गाडीपुरती. विकायला म्हणून बाहेर काढली आणि ती इथं आली. कंपनी या मॉडेलचे भाग आता बनवत नाही. त्याच्या स्वतःच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तिला कोणी दारात उभं केलं नसतं. दर शनिवारी ऑफिसची मीटिंग असते असं तो घरी सांगत होता. वडील गेले तेव्हा तो रडला नव्हता, असं तो हात पुसता पुसता म्हणाला; कार्ब्युरेटर उघडला तेव्हा रडला.

मग डॉक्टरबाईंनी आपली बाजू सांगितली, सगळी. ब्रेकचं, फोनचं, किरकोळचं.

"तू माझ्याशी वाईट वागला नाहीस रे," त्या म्हणाल्या. "फार चांगला वागलास, तेच नको होतं. गाडी माझी आहे, तर तिचं दुखणं आधी मला सांग. नंतर हव्या त्या गावाला सांग."

आजवर त्या त्याला अहो-जाहो करत आल्या होत्या. हे ‘तू’ आपोआप तोंडून निघून गेलं आणि दोघांनाही ते कळलं. त्यानं मान हलवली.

"मग आत्ताच सांगतो," तो म्हणाला. "तुमच्या मॉडेलच्या गिअरबॉक्समध्ये दोष निघालाय. हळू वेगात हिसका बसतो. कंपनी सगळ्यांना फुकट दुरुस्त करून देतेय. तुमच्याही गाडीला बसत असणार. आणि घाबरण्यासारखं नाही, पण टाळण्यासारखंही नाही."

"बसतो," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि आपण किती दिवस टाळलं तेही सांगून टाकलं. तो काय बोलतो याची त्या वाट बघत होत्या.

"चुकलंच तुमचं," तो म्हणाला. जरा घाबरतच म्हणाला, पण म्हणाला.

लेकीला सांगायचं काम दोघांनी मिळून केलं, दुसऱ्या दिवशी जेवताना. आईनं गॅरेज बदललं हे ऐकून तिला फक्त हायसं वाटलं. डोळे शाबूत आहेत ना, मग गाडी कुठेही ने. खरी बरसात झाली ती शनिवारच्या मीटिंगांवर. ती नवऱ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, मला बघायचीय ती गाडी. गेली, आत बसली, आणि येताना काटकोनाला विचारून आली, की ही रस्त्यावर यायला अजून किती शनिवार लागतील. घरापुढे जागा नसली तरी आईच्या दारात आहे, हेही तिनंच परस्पर ठरवून टाकलं. त्या दारात हातभर जागाही उरणार नव्हती, पण सरांना विचारतंय कोण.

गिअरबॉक्सचं काम सर्व्हिस सेंटरमध्ये झालं. काय केलं ते जावयानं स्क्रीनवर दाखवून सांगितलं, आणि ऑपरेशननंतरची पथ्यं सांगावीत तसं पुढे काय जपायचं तेही. काटकोनानं घातलेल्या ब्रेकवर त्यानं बोट फिरवलं आणि "छान बसवलेत," एवढंच म्हणाला. गाडीला दर महिन्याला काय लागेल ते काटकोन बघणार, कॉम्प्युटरचं काही निघालं तर जावई. दोघांत वाद नव्हता, होता तो डॉक्टरबाईंच्याच डोक्यात होता.

गाडी तयार झाल्यावर चालवून बघायची होती. डॉक्टरबाईंनी किल्ली जावयाच्या हातात ठेवली आणि स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. एवढ्या वर्षांत त्या बाजूला त्या कधी बसल्याच नव्हत्या. इंजिनाचा आवाज तिथून जरा खोल ऐकू येत होता. गर्दीच्या चौकात गाडी हळू झाली, गिअर खाली आला, आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

"परत फिरायचं का?" त्यानं विचारलं.

"थोडं पुढे घे," त्या म्हणाल्या. काच खाली करून त्यांनी कोपर बाहेर टेकवलं. रस्त्याच्या कडेला एक लांबलचक भिंत होती, तिच्यावरून निळ्या फुलांचा वेल खाली उतरला होता. रोज याच रस्त्यानं जाऊनही तो त्यांनी कधी पाहिला नव्हता.