डावीकडची सीट

"सोडा, क्लच हळूहळू सोडा," हेमा म्हणाली. गाडीने दोन आचके दिले आणि ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर मधोमध बंद पडली. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत, वळून बघत निघून गेला.

"सॉरी मॅडम," मैथिली म्हणाली. चाळिशीच्या या बाईला शिकायला लागून आठवडाही झाला नव्हता.

"सॉरी कशाला? सगळ्यांची बंद पडते. चावी फिरवा."

तेवढ्यात हेमाचा फोन वाजला. शिकवताना ती फोन घेत नसे, पण पडद्यावर दर्शना रोकडेचं नाव होतं. शिकून गेल्यापासून सात-आठ वर्षांत या मुलीने एकदाही फोन केला नव्हता.

"मॅडम, मी अडकलेय." दर्शनाचा आवाज मुठीत धरल्यासारखा होता. "मलंगगड रोडवरनं आत, बोरपाड्याच्या रस्त्याला. गाडी खालून घासली, जोरात. आई मागे बसलीय, तिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आणि आता पुढे न्यायला माझे हातच उठत नाहीयेत."

"गाडी कोणाची?"

"माझी. इलेक्ट्रिक आहे. गेल्या महिन्यात घेतलेली."

"बरं. तिथेच थांब, मी येते."

मैथिलीला तिच्या गल्लीच्या तोंडाशी सोडून हेमाने गाडी मलंगगड रोडला घातली.

हे ड्रायव्हिंग स्कूल मुळात तिच्या नवऱ्याचं, कमलेशचं. तो अचानक गेला तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, गाडी विकून टाक. हेमाने विकली नाही. बाई शेजारी बसून शिकवणार म्हटल्यावर पुरुष येईनासे झाले आणि बायका येऊ लागल्या. शिक्षिका, बँकेतल्या, पोळीभाजी केंद्रवाल्या, नुकत्याच आजी झालेल्या. वीस-बावीस वर्षं ती डावीकडच्या सीटवर बसत आली होती. पायाखाली जादा ब्रेक, जादा क्लच. तिचा उजवा पाय झोपेतही हलतो, असं तिची बहीण सांगायची.

पण लायसन्स हातात पडलं की बऱ्याच बायकांचं ते पाकिटातच राहायचं. पुढे कधी भाजी मार्केटात भेटल्या की म्हणायच्या, "गाडी घेतली ना मॅडम, पण हेच चालवतात. ट्रॅफिक केवढं असतं." हेमा हसायची. वाईट वाटायचं, पण ते ती दाखवत नसे.

दर्शना तेव्हा ठाकुर्लीलाच राहायची. कोलशेतच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. ड्युटी करून संध्याकाळी यायची, युनिफॉर्मवरच. टेस्टमध्ये दोनदा नापास झाली आणि दोन्ही वेळा दुसऱ्याच दिवशी हजर. बॅचमधल्या कुणीतरी तिला विचारलं होतं, घरी गाडी नाही, तर शिकतेस कशाला? ती म्हणाली होती, "गाडी येईल तेव्हा शिकत बसायला वेळ नसेल."

डांबर जिथे संपत होतं तिथून थोडं पुढे हेमाला ती गाडी दिसली. गडद निळी, लांबट आणि एवढी ठेंगणी की चिंचेखाली बसलेल्या म्हशीची पाठ तिच्यापेक्षा उंच वाटावी. पुढे बोरपाड्यापर्यंतचा रस्ता पाण्याच्या पाइपसाठी खणून नुसत्या मातीने बुजवला होता. ट्रॅक्टरच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडल्या होत्या आणि मधला पट्टा उंच, दगडांचा.

दर्शना बाहेर उभी होती. ठेवणीतली पांढरी साडी, गुडघ्यांवर माती. वाकून वाकून गाडीचं पोट बघून झालं असणार.

"काही गळत नाही, धोक्याची लाइटही नाही लागलेली. फक्त खरचटलंय," ती म्हणाली. "पण बॅटरी सगळी खालीच असते ना, मॅडम. परत तसा आवाज आला तर..."

मागच्या सीटवर केशरबाई पाय लांब करून आडव्या बसल्या होत्या. त्याही पांढऱ्या साडीत. त्यांनी काच खाली केली. "या बाई. उगा तुम्हाला त्रास दिला पोरीनं."

बोरपाडा केशरबाईंचं माहेर. तिथे नवीन विहार बांधला होता आणि आज पहिली मेणबत्ती लावायचा मान गावाने केशरबाईंना दिला होता. लग्नानंतर त्यांनी डोंबिवलीत बिल्डिंगींच्या कामावर घमेली उचलली. माहेरी जायच्या त्या नेवाळीच्या नाक्यावरून चालत, डोक्यावर बोचकं घेऊन. हे सगळं दर्शनाने दोन-तीन वाक्यांत सांगितलं आणि मग म्हणाली, "राजरत्नचा फोन आला, माझा मामेभाऊ. म्हणतो गाडी तिथंच सोड, पिकअप पाठवतो. पोरं आत्याला उचलून वर ठेवतील."

"मला उचलून ठेवायला मी काय सिमेंटची गोण हाय?" केशरबाई आतून म्हणाल्या.

हेमाला उपाय सरळ दिसत होता. तिची गाडी छोटी पण उंच होती. "आई, तुम्ही माझ्या गाडीत बसा. पाच मिनिटांत पोचवते. दर्शना, तुझी गाडी राहू दे इथे सावलीत."

"चालेल," दर्शना लगेच म्हणाली. म्हणाली आणि मान फिरवून दूर मलंगगडाकडे बघत राहिली. हेमाने असे चेहरे पाहिले होते, भाजी मार्केटात.

केशरबाईंनी मात्र पाय हलवला नाही. "तुमची गाडी चांगलीच असंल, बाई. पण मी गावाला कळवलंय, माझी लेक मला तिच्या गाडीतनं आणतीय. ती नेईल तिथवर जाईन. न्हाई नेलं तर इथनंच हात जोडीन."

"आई, हट्ट करू नकोस."

"हट्ट न्हाई करत. सांगतीय."

हेमा थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिली. मग तिने आपली गाडी कडेला लावली, कुलूप केलं आणि निळ्या गाडीचं डावीकडचं दार उघडून आत बसली.

"चल."

"मॅडम, मी?"

"मग कोण? मी असली गाडी आयुष्यात चालवलेली नाही. चाकं चाकोरीत नाही घालायची. एक चाक मधल्या उंच पट्ट्यावर, एक कडेच्या गवतावर. खड्डा पोटाखाली येऊ दे, दगड चाकाखाली."

गाडी निघाली तेव्हा हेमाला कळलंच नाही. आवाजच नव्हता. आजवर ती कानांनी शिकवत आली होती. इंजिन कण्हलं की गिअर, घुरघुरलं की क्लच. इथे फक्त टायरखाली खडे करकरत होते. पहिला दगड आला तसा तिचा उजवा पाय चटईवर दाबला गेला. खाली काहीच नव्हतं. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच अशा गाडीत बसली होती, जी तिला थांबवता येणार नव्हती.

"हिला ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की पुरे, आपोआप धरते," दर्शना समोर बघतच म्हणाली. "उतारावर तर ब्रेक दाबावाच लागत नाही."

"अस्सं?"

"हो. तुम्ही बघा."

दर्शनाने पाय उचलला. गाडी सावकाश थबकली. हेमाने मान डोलावली आणि मांडीवरची पर्स घट्ट धरली.

अर्ध्याहून जास्त रस्ता तसा गेला. मग विहाराच्या निळ्या पताका दिसू लागल्या आणि त्यांच्या अलीकडेच एक आडवा उंचवटा आला. पाइप इथे रस्ता आडवा ओलांडत होता. वर टाकलेली माती वाळून कडक झाली होती, म्हशीच्या कण्यासारखी. लांब, ठेंगण्या गाडीने तिच्यावर सरळ चढायचं म्हणजे पोट टेकणारच.

दर्शनाने गाडी थांबवली. "इथे तुम्ही घ्या, मॅडम. प्लीज."

हेमाचे हात शिवशिवले. तिला वाटलं, जमेल. सीट बदलायची, तिरकी घालायची, झालं. पलीकडे माणसं जमली होती. त्यांतला कुर्त्यातला माणूस म्हणजे राजरत्न असावा, तो हात हलवत होता.

तिने दार उघडलं. "मी उतरते. तेवढंच वजन कमी. समोर उभी राहते, माझ्या हाताकडे बघ."

ती उंचवट्यावर चढली, पलीकडे उतरली, दोन सैल दगड पायाने बाजूला केले आणि गाडीकडे तोंड करून उभी राहिली. हात वर केला. तिरकी, डावीकडून. एक-एक चाक.

पुढचं डावं चाक चढलं. मग उजवं. गाडीचं नाक वर आलं, आणि खालून बारीकसा खर्र आवाज झाला. दर्शनाने पाय उचलला. गाडी उंचवट्यावर तशीच धरून राहिली. काचेतून तिने हेमाकडे पाहिलं.

मागे की पुढे, हे हेमाला ठाऊक होतं. तिने हात खाली घेतला आणि दोन पावलं मागे सरून नुसती उभी राहिली.

दर्शनाने ओठ दाबले. आरशात बघितलं. मग गाडी हळूच मागे घेतली, स्टिअरिंग आणखी फिरवलं आणि जास्त तिरकी करून पुन्हा वर आणली. आता ती हेमाकडे बघत नव्हती. तिची नजर जमिनीवर होती, कुठलं चाक कुठे पडतंय त्याच्यावर, आणि हनुवटी किंचित पुढे आली होती.

हेमा बघत राहिली. शेकडो बायकांना तिने शिकवलं होतं. त्यांचे पाय, हात, कानामागचा घाम, सगळं तिला पाठ होतं. पण कायम शेजारून. तिची विद्यार्थिनी गाडी चालवत समोरून कशी दिसते, ते ती आज पहिल्यांदा बघत होती. काच उन्हाने चमकत होती आणि तिच्यामागे तो चेहरा शांत, कामात बुडालेला, जवळ जवळ येत होता. मागे केशरबाई, पदर सावरून, ताठ.

मागची चाकं उतरली. काहीही घासलं नाही. हेमा उलट्या पावलांनी चालत राहिली आणि गाडी तिच्या मागोमाग विहाराच्या अंगणापर्यंत आली.

राजरत्न पुढे झाला. "आत्या, कोणी आणली गाडी? या बाईंनी?"

"या बाई पायी आल्या," केशरबाई काठी शोधत म्हणाल्या. "गाडी माझ्या लेकीनं आणली."

मग बायकांनी दोघींना वेढून आत नेलं. केशरबाईंनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवून मेणबत्ती लावली. हेमा दाराशी उभी होती. कुणीतरी तिला पुढे ओढून सतरंजीवर बसवलं, हातात पाण्याचा तांब्या दिला. वंदना झाली. जेवून जा, असा सगळ्यांचाच आग्रह झाला. हेमाने खीर तेवढी खाल्ली. दुपारी तिची दुसरी बॅच होती.

दर्शना अंगणापर्यंत सोडायला आली. "मॅडम, गाडीपर्यंत सोडते ना."

"नको. तू आईजवळ थांब."

"संध्याकाळी परत हाच रस्ता आहे."

"हो ना," हेमा म्हणाली. "आहेच."

दर्शना वाकून नमस्कार करायला लागली तसे हेमाने तिचे दंड धरले.

ऊन चढलं होतं. उंचवटा ओलांडून हेमा एकटीच परत निघाली. रस्त्यावर अजून दुसरं वाहन आलं नव्हतं. मऊ मातीत चाकांची नक्षी स्वच्छ उमटली होती. दगडाशी वळलेली, गवतावर चढलेली, चाकोरी टाळून पुन्हा मध्यावर आलेली. हेमाने चपला हातात घेतल्या आणि ते ठसे मोडू नयेत म्हणून अगदी कडेने, गवतातून चालत राहिली.