भेंडीचं अठ्ठ्याण्णव

२०२१ सालचा एप्रिल. बाजार बंद, शाळा बंद, विहार बंद, मशीद बंद. आणि तेलगावच्या अलीकडे, आमच्या गावाच्या शिवेवर, बंद पडलेल्या जिनिंगच्या पत्र्याच्या शेडमध्ये जत्रा भरलेली. रोज सकाळी दोन-तीनशे माणसं. मोटारसायकली, ट्रॅक्टर, एक म्हातारी तर बाजेवर घालून आणलेली. तोंडाला गमछा असलाच तर तो हनुवटीवर.

शेडच्या टोकाला चार गाद्यांवर वारेबाबा बसायचा. अंगात मोरपंखी रंगाचा चकचकीत कुर्ता, मागे जाड पडदा, आणि पडद्याच्या फटीतून येणारा गार, सुगंधी वारा.

"डॉक्टरचं वारं बाटलीतलं!" बाबा ओरडायचा. "बाटली सरंल. माजं वारं आभाळातलं! आभाळ सरंल का? बोला, सरंल का?"

"न्हाई!" सगळं शेड ओरडायचं.

"मग तिकडं शाळेतल्या दवाखान्यात कावून मरायला जाता?"

रुग्णाला पुढे बसवायचे. चेला त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं मशीन लावायचा आणि आकडा ओरडून सांगायचा, "पंच्याऐंशी!" मग पडद्यापुढे तोंड करून दहा श्वास. नाक मोकळं व्हायचं, छातीत गार वाटायचं. पुन्हा बोट, पुन्हा मशीन.

"अठ्ठ्याण्णव!"

टाळ्या. बायका डोळे पुसायच्या. तो आकडा त्या महिन्यात आमच्याकडे देवाच्या नावासारखा घेतला जायचा.

या बाबाला हे 'वारं' दिलं कुणी? मी दिलं.

मी भामाबाई, निवृत्त नर्स. गावच्या शाळेत सरकारनं तीस खाटांचं कोविड सेंटर उघडलं तेव्हा मला सत्तरावं लागलं होतं. वयामुळे वॉर्डात जायची परवानगी नव्हती, म्हणून मी व्हरांड्यात टेबल टाकून नावं लिहून घ्यायची. डॉक्टर एकच, तोही तीन सेंटरांत वाटलेला. नर्स दोघी आल्या. त्यातली एक सहाव्या दिवशी स्वतःच आजारी पडली. उरली माझी भाची रूपाली, तीन महिन्यांच्या कंत्राटावरची, वय चोवीस. तीस खाटांना एक पोरगी.

बाकी सगळा कारभार गावातल्या माणसांच्या जोरावर चालला. फळवाल्या वाहेदभाईंची सायरा कॉलेजला होती. ती दर चार तासांनी प्रत्येकाचा ताप आणि ऑक्सिजन मोजून लिहायची. रूपालीचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ कचरू, चुलीवर खिचडी शिजवून सगळ्यांना वाढायचा.

पहिल्या आठवड्यात लोक नळी लावून घेत नव्हते. नळी लावली की माणूस मरतो, असं कुणीतरी पसरवलं होतं. एका बाईनं नवऱ्याच्या तोंडावरचा मास्क ओढून फेकला. तेव्हा मी खिडकीतून ओरडले, "अगं, वारं हाय ते! नुसतं वारं! छातीला कमी पडतंय म्हणून बाटलीतून देतोत." बाईला ते पटलं. संध्याकाळपर्यंत सगळा वॉर्ड "वारं लावा, वारं लावा" म्हणू लागला. मला माझ्या हुशारीचा अभिमान वाटला.

खरं तर मला कळायला हवं होतं. १९७४ साली मी नवी नवी नोकरीला लागले, तेव्हा गावोगाव लस टोचत फिरले होते. ज्या रोगाची ती लस, त्याला लोक 'देवी' म्हणायचे. घरात देवी आलीय, तिला सुई कशी टोचायची, म्हणून लेकरं कणग्यांत लपवून ठेवायचे. त्या एका शब्दाशी मी पायाला फोड येईस्तोवर भांडले होते. आणि आता मीच लोकांच्या हातात 'वारं' दिलं. आमच्याकडे वारं अंगात येतं, माणूस घुमायला लागतो, हे मला माहीत नव्हतं का? आठ दिवसांत शिवेवर एकाच्या अंगात वारं आलंच.

कचरूला ताप आला तो वीस तारखेला. ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी. रूपालीनं बापाला दाराजवळची खाट दिली, सिलेंडर लावला. तीन दिवसांत आकडा त्र्याण्णववर आला. आणखी चार दिवस लागतील, डॉक्टर म्हणाला.

त्याच दुपारी चैतालीला आणलं. चोवीस-पंचवीसची पोर, चार महिन्यांचं लेकरू घरी सासूजवळ ठेवून आलेली. तिचे ओठ निळे पडले होते. आमच्याकडे एकही मोकळा सिलेंडर नव्हता. रूपालीनं कचरूच्याच सिलेंडरला दोन नळ्या जोडून ती रात्र काढली. कचरू पडल्यापडल्या बघत होता.

सकाळी त्याची खाट रिकामी होती. मास्क नीट पुसून सिलेंडरला अडकवलेला. तासाभरानं तो फाटकात उभा राहिला, आमच्या आळीतल्या रामहरीच्या मोटारसायकलवरून उतरून.

"आक्का, अठ्ठ्याण्णव!" तो हसत म्हणाला. "मी सोता बघितलं. माजं वारं त्या पोरीला लावा."

"कुठं गेलतास? त्या वारेबाबाकडं?"

"बाबाला कोण मानतंय गं? मी बुद्धइहाराची चावी सांभाळणारा माणूस. मी मशीनला मानतो. मशीन कावून खोटं बोलंल?"

"आत चल. आपल्या मशीनवर बघू."

"तुमच्या मशीनचा सेल उतरलाय, आक्का. त्याचं नवं हाय." तो पुन्हा मागच्या सीटवर बसला. "अजून तीन दिवस वारं घ्यायला सांगितलंय. मग येतो खिचडीला."

मी उठले नाही. टेबलापुढे अकरा माणसं उभी होती, हे एक कारण. दुसरं सांगायला मला चार वर्षं लागली. एक सिलेंडर मोकळा झाला, म्हणून माझ्या जिवाला क्षणभर बरं वाटलं होतं.

चैतालीला तो सिलेंडर लावला.

सव्वीस तारखेला सकाळी रूपाली किट घातलेलीच खिडकीशी आली. "आत्या, पप्पा दोन दिवसांत घरी आले न्हाईत. मला इथून हलता येत न्हाई. तू आण गं त्यांला."

मी आणि सायरा निघालो. सायरानं सेंटरचं मशीन ओढणीच्या टोकाला बांधून घेतलं.

शेडमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. बाजार बंद असल्यामुळे लोक बाबापुढे आपल्या रानातलं ठेवून जात होते. वांगी, गवार, भेंडीच्या पाट्या. कचरू एका खांबाला टेकून बसला होता. आम्हाला बघून त्यानं हात वर केला, जणू काही झालंच नाही. बोलताना मात्र दर दोन शब्दांनी थांबत होता.

मी त्याच्याकडे निघाले. सायरा तिथंच उभी राहून चेल्याचे हात बघत राहिली. मग माझ्या कानाशी आली.

"नर्सआज्जी, मशीनं दोन हायत. पहिल्याची दोरी काळी. वारं घेतल्यावर लावतो त्याची दोरी निळी."

मी काही म्हणायच्या आत ती पुढे गेली. आधी मला वाटलं, ती बोट पुढे करणार. तिनं पाटीतली एक भेंडी उचलली, चेल्याच्या मांडीवरचं निळ्या दोरीचं मशीन घेतलं, त्यात भेंडी घातली आणि बटण दाबलं.

"अठ्ठ्याण्णव!" ती चेल्याच्याच आवाजात ओरडली. "नाडी शहात्तर! भेंडी ठणठणीत हाय, लोकहो!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग पुढच्या सगळ्या रांगा हसल्या. बाबा उठून उभा राहिला.

"भेंडीत बी प्राण हाय, पोरी! झाडपाल्यात बी वारं हाय! त्याची टिंगल करतीस?"

"बरं." सायरानं चेल्याच्या कानावरची पेन्सिल काढली आणि मशीनमध्ये घातली. "ही पण अठ्ठ्याण्णव. पेन्सिलीला पण दम लागतो का बाबा? हिला कोणत्या खाटेवर टाकू?"

आता कुणी हसलं नाही. सायरानं ओढणीची गाठ सोडली, सेंटरचं मशीन काढलं, त्यात तीच भेंडी घातली. आकडा आलाच नाही, नुसत्या दोन रेघा. मग ती ज्यांना ज्यांना अठ्ठ्याण्णव मिळालं होतं त्यांच्या बोटांना खरं मशीन लावत गेली. ब्याऐंशी. एकोणऐंशी. अठ्ठ्याऐंशी. एका माणसानं आपलं बोट मुठीत दाबून धरलं, म्हणाला, "माजं नको बघू, बाई."

मी पडदा ओढला. मागे कूलर होता. पाण्याच्या टाकीत कापूर आणि पुदिन्याचा अर्क. त्यानं नाकाला गार लागतं, श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. रक्तात ऑक्सिजन कणभरही वाढत नाही. पहिलं मशीन खरं, ते आजार दाखवायचं. दुसऱ्यात बोट वाचायची सोयच नव्हती, बटण दाबलं की छापील आकडा. एवढाच चमत्कार.

सायरानं शेवटी मशीन कचरूच्या बोटाला लावलं. चौसष्ट.

कचरू त्या आकड्याकडे बघत राहिला. मग सायराच्या हातातल्या भेंडीकडे.

"आक्का," तो म्हणाला, "भेंडीचं आन् माजं... सारकंच आलतं का गं?"

त्याला आम्ही रिक्षानं सेंटरवर आणलं. रूपालीनं बापाकडे पाहिलं, मग चैतालीच्या सिलेंडरकडे. कचरूनं मान हलवली. "तिचं काढू नगंस."

माजलगावहून सिलेंडर यायला दीड तास लागला. लावल्यावर आकडा चढला, ऐंशीला थांबला. बीडला फोन केले, अंबाजोगाईला केले, खाट नव्हती. डॉक्टर म्हणाला, मधले दिवस ऑक्सिजन सुटला नसता तर बरीच आशा होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी कचरू गेला. रूपालीनं वेळ लिहिली, मास्क काढला, डोळे मिटवले. किटच्या चष्म्याच्या आतून वाफ धरली होती, ती पुसता येत नव्हती. ती पुढच्या खाटेकडे वळली, कारण तिच्या जागी उभं राहायला कुणी नव्हतं. तेव्हा मी टेबलावरचं पेन ठेवलं, किट चढवलं आणि आत गेले. म्हटलं, "जा, बापाजवळ बस. खाटा मी बघते." कुणी मला वय विचारलं नाही.

कचरूच्या आधीचे माझे दोन भाऊ तान्हेपणीच गेले होते. घरात १९५६ सालीच धम्म आला होता, तरी हा जन्मला तेव्हा आईनं भीतीपोटी त्याला उकिरड्यावर लोळवला आणि कचरू नाव ठेवलं. मरणानं घाण समजून पुढे जावं म्हणून. आईला मी कधी हसले नाही. पण तो जगला तो नावामुळे नाही. तिसऱ्या महिन्यात त्याला हगवण लागली, तेव्हा माजलगावच्या दवाखान्यातल्या एका नर्सनं रात्रभर चमच्या-चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी पाजलं. त्या बाईला बघून मी नर्स झाले.

वारेबाबाचं खरं नाव प्रवीण. आधी तो कूलर दुरुस्त करायचा. पोलिसांनी नेला, जामिनावर सुटला. आता दुसऱ्या जिल्ह्यात गुडघेदुखी घालवणाऱ्या वहाणा विकतो म्हणतात. त्या शेडमधल्या किती जणांनी घरी जाऊन जीव सोडला, ते कुणी मोजलं नाही. तिथून सेंटरवर आणलेल्या चौदांपैकी नऊ जगले. रामहरी अजून माझ्या दारावरून जाताना मोटारसायकल बंद करून ढकलत नेतो. लाट ओसरली तशी रूपालीचं कंत्राट संपलं, एका ओळीच्या कागदानं. ती पुण्यात खासगी दवाखान्यात आहे, घरी फार येत नाही. सायरा नर्सिंगला गेली, यंदा शेवटचं वर्ष. चैतालीचं लेकरू त्याच शाळेच्या अंगणवाडीत जातं. सिलेंडर जिथं उभे असायचे तिथं फरशीवर गोल डाग आहेत, पोरं त्यावर उड्या मारतात.

निळ्या दोरीचं मशीन केस संपल्यावर मला मिळालं. मी ते घेऊन शाळाशाळांतून जाते, पिशवीत पाच-सहा भेंड्या. पोरं हसून लोळतात. त्यांना हसू देते, मग कचरूचं सांगते. तो भोळा नव्हता. त्यानं आकडा मागितला, पुरावा मागितला. फक्त पुरावा देणाऱ्याला तपासलं नाही, आणि तपासून घ्यायला मी त्याला भाग पाडलं नाही. म्हणून पोरांना एवढंच सांगते, कुणी चमत्कार दाखवला तर तेच यंत्र आधी निर्जीव वस्तूवर लावून बघा. आणि दुसऱ्या यंत्रावर पुन्हा बघा.

आणि मी आता 'वारं' म्हणत नाही. ऑक्सिजन म्हणते. म्हाताऱ्या बायांना उच्चार जमत नाही, "आक्शिजन" म्हणतात. म्हणू देत. दहा वेळा समजावून सांगायची माझी तयारी आहे.