बाईंचा वाकडा दात

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या त्या लॅबमध्ये तिला सगळे चिठ्ठीताई म्हणत. तिला ते आवडत नसे, पण खोटं होतं असंही नाही. एकवीस वर्षं ती दाराजवळच्या टेबलाशी बसून चिठ्ठ्याच लिहीत होती. डॉक्टरांकडून तोंडाचा साचा आला की त्यावर चिठ्ठी, कवळी तयार झाली की डबीवर चिठ्ठी. आत तिचा दादा आणि तीन कारागीर मेणात दात बसवत, आणि ही बाहेर बसून त्यांच्या कामावर त्यांची नावं लिही.

आता माणसाला वेड कशाचं लागावं आणि कधी, याचा काही नेम असतो का? कोणाला सोळाव्या वर्षी कळतं, कोणाला मरेपर्यंत नाही. चिठ्ठीताईला बेचाळिसाव्या वर्षी कळलं, एका मंगळवारी, आणि तेही एक कारागीर तापाने फणफणला होता म्हणून. दादा म्हणाला, "बस जरा, एवढा एक दात मेणात धरून ठेव, मी फोन घेऊन येतो." फोन लांबला. तो परत आला तोवर तिने सहा दात बसवले होते. वाकडे. चुकून वाकडे नव्हेत. खऱ्या तोंडात असतात तसे, एक जरा आत, एक जरा पुढे, एकाची कड झिजलेली.

"हे काय गं?" दादाने विचारलं.

"तोंड," ती म्हणाली.

दादाने सहाही दात उचकटले आणि ओळीत लावले. वडिलांनी लॅब काढली तेव्हापासून तिथे नियम एकच, दात सरळ. "वाकडे घ्यायला लोक आपल्याकडे कशाला येतील? ते तर देवाने फुकट दिले होते," असं वडील म्हणायचे. ते गेल्यावर दादा म्हणू लागला.

पण हिचे हात शिवशिवायला लागले ते लागलेच. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून टाकाऊ मेण घेऊन बसायची. बसमध्ये लोकांच्या तोंडाकडे टक लावून बघायची; एका गृहस्थाने तर घाबरून जागाच बदलली. कारागीर हसायचे. दादा कानाडोळा करायचा. मेण वाया जातंय याचं त्याला काही नव्हतं. बहीण या वयात स्वतःचं हसं करून घेईल, हीच त्याला धास्ती.

असं वर्ष गेलं. मग एका सकाळी पंच्याहत्तरीच्या एक बाई आल्या. निवृत्त शिक्षिका, ताठ कण्याच्या. दोन वर्षांपूर्वी याच लॅबने केलेली कवळी त्यांनी टेबलावर ठेवली.

"खुपते का?" दादाने विचारलं.

"छे. छान आहे. फारच छान आहे." बाई थांबल्या. "माझे यजमान मला ओळखत नाहीत. त्यांना विसरण्याचा आजार आहे. बाकी सगळं विसरले, पण मला कधी विसरले नव्हते. माझे दात काढले, ही बसवली, आणि महिन्याभरात मला अहो-जाहो करायला लागले. मी हसले की म्हणतात, 'बाई, तुम्ही बसा, माझी बायको येईलच एवढ्यात.' आणि वाट बघत बसतात बिचारे. माझी. माझ्याच शेजारी बसून."

दादाने कवळी उचलून उजेडात धरली.

"माझा सुळा शेजारच्या दातावर चढलेला होता," बाई म्हणाल्या. "तसा करून द्या. डॉक्टर म्हणतात, दोन-चार महिन्यांत त्यांना काहीच कळेनासं होईल. त्याआधी एकदा ओळखलं, तरी मला पुरे आहे."

चिठ्ठीताईने फोटो मागितला. पण बाईंच्या एकाही फोटोत दात नव्हते. त्या सुळ्याच्या लाजेने जन्मभर ओठ मिटून फोटो काढलेले. "मी काढून दाखवते की," त्या म्हणाल्या. फळ्यावर चित्रं काढून बसलेला हात तो. चिठ्ठीच्या पाठीवर त्यांनी नेटकं तोंड काढलं, दातावर दात चढवला. "रोज आरशात बघत होते, विसरेन कशी?"

दादा मान हलवत होता. "वाकडी कवळी आम्ही देत नाही, बाई."

"मी करते," चिठ्ठीताई म्हणाली.

"आणि परत आली तर?"

परत आलेल्या कामाचं लॅबमध्ये एक वेगळं फळकुट होतं. त्यावर डबी लागली की त्या कारागिराला आठवडाभर तोंड दाखवायला जागा नसायची. हे ठाऊक असूनही चिठ्ठीताई बोलून गेली, "परत आली तर पुन्हा मेणाला हात लावणार नाही."

नऊ दिवस तिने ते चित्र समोर ठेवून काम केलं. सुळ्याची कड तिने किती वेळा वितळवली आणि किती वेळा घडवली, तिलाच ठाऊक. इतकं सुख तिला आयुष्यात कशात झालं नव्हतं, आणि इतकी भीतीही वाटली नव्हती. डॉक्टरांनी कवळी बसवली तेव्हा बाई आरशात बघेनात. "आधी त्यांना बघू दे," म्हणाल्या, आणि चिठ्ठीताईला सोबत घरी घेऊन गेल्या.

यजमान खिडकीशी बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, कोणीतरी यायचंय अशा तयारीत. बाई समोर उभ्या राहिल्या आणि हसल्या. म्हातारबुवा उठले. जवळ आले. बोट त्यांनी सुळ्याला लावलं.

मग त्यांनी मान हलवली. "नाही. तुम्ही तिच्यासारख्या दिसता खऱ्या. पण तिचा दात ह्या बाजूला होता." बोट सरकून दुसऱ्या बाजूच्या सुळ्यावर गेलं. "बसा बाई. ती येईलच."

चिठ्ठीताईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि शरमेने कान तापले. बाईंनी आपला दात जन्मभर आरशात पाहिला होता आणि आरशात दिसला तसाच काढून दिला होता. लॅबमध्ये मात्र तोंड नेहमी समोरून बघतात. तिने चित्रही तसंच वाचलं. डाव्याचं उजवं झालं. 'बाई, एकदा बोट लावून दाखवा,' एवढंच विचारायचं होतं. एकवीस वर्षं चिठ्ठ्यांवर डावा-उजवा लिहिणाऱ्या बाईने ते विचारू नये?

बाई रडत होत्या. "अगं, त्यांना आठवतंय," त्या म्हणाल्या. "बाजूसुद्धा आठवतेय."

खरंच, त्या तोंडाकडे पन्नास वर्षं समोरून बघणारा तेवढा एकच माणूस होता.

सोमवारी दादाने डबी पाहिली. "परत आली?"

"आली."

"शब्द दिला होतास."

"दिला होता. मोडतेय." ती जागची हलली नाही. "चूक माझी आहे, निस्तरणार मीच. मग तुला काय बोलायचं ते बोल. पण मी आता त्या दारातल्या टेबलावर जाऊन बसणार नाही, दादा. मला हेच करायचंय."

दादा खिडकीजवळची, उजेडाची, वडिलांच्या वेळेपासूनची आपली खुर्ची सोडून उठला आणि आत निघून गेला.

या वेळी चार दिवस लागले. तेवढ्यात यजमानांनी अंथरूण धरलं होतं. बाई उशाशी वाकून हसल्या. ते बघत राहिले. इतका वेळ, की चिठ्ठीताईने मनातल्या मनात हार मानली.

"कुठे होतीस गं इतके दिवस?" म्हातारा रागाने म्हणाला. "किती वाट बघायची माणसाने?"

"इथेच होते," बाई म्हणाल्या.

चिठ्ठीताई जिन्यात जाऊन बसली आणि पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा विसरले. महिन्याभराने गेले. त्यानंतर पंधरा दिवसांनी बाई लॅबमध्ये आल्या, हातात तीच डबी. डबी बघून दादाचा चेहरा पडला.

"परत करायला नाही आले," बाई म्हणाल्या. "सुळ्याची कड ओठाला लागते, जरा घासून द्या. पण जपून हं. जास्त सरळ नको."

चिठ्ठीताई खिडकीशी बसून कड घासत होती. दारातल्या टेबलाची खुर्ची रिकामी होती. दादा आपला तिथे जाऊन बसला, पेन शोधलं आणि डबीसाठी चिठ्ठी लिहायला घेतली. त्याचं अक्षर पहिल्यापासून गिचमिड. रुग्णाचं नाव लिहिलं, तारीख लिहिली. कारागिराच्या नावाशी तो जरा थांबला, आणि मग बहिणीचं नाव त्याने सावकाश, एकेक अक्षर सुटं काढून लिहिलं.